दीड, अडीच आणि अपूर्णांक

एकद्वितीयांश आणि एकतृतीयांश यांची बेरीज दोनपंचमांश, असे उत्तर सहावी-सातवीच्या वह्यांतून वर्षानुवर्षे आढळत आले आहे. वरच्या अंकात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवला की ते तयार होते. उत्तर चुकले हे तर झालेच. परंतु अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसे उरले, हा प्रश्न ते लिहिणाऱ्याला पडत नाही, ही अधिक चिंतेची बाब होय. अर्धा लिटर दुधात पाव लिटर घातले की पाऊण लिटर होते, हे तोच मुलगा दुकानात न चुकता सांगतो.

म्हणजे अडचण अपूर्णांकाची नसून त्याच्या लिपीची आहे. मराठी बोलणाऱ्याला तर अपूर्णांक घरातच भेटतात. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र नावे आहेत. ‘पावणेदोन’ म्हणताना दोनांतून पाव वजा करण्याची क्रिया जिभेवरच पार पडते. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढेच असत. (‘औट घटकेचे राज्य’ असे सर्रास लिहिणाऱ्या कित्येकांना औट म्हणजे साडेतीन, हे ठाऊक नसते.) १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि या पाढ्यांचे व्यवहारातील प्रयोजन संपले. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. छडीच्या धाकाने घोकलेल्या औटकीने गणिताची समज कितपत वाढली, ही शंकाच आहे. पण पाढ्यांबरोबर ते शब्दही वर्गाबाहेर पडले, हे नुकसान मोठे.

त्यांची जागा अंश आणि छेद यांनी पहिल्याच दिवशी घेण्याची घाई कशासाठी? कागदाच्या घड्या घालून, दोरी मोजून, संख्यारेषेवर दीड आणि अडीच यांच्या जागा दाखवून मग ३/२ आणि ५/२ लिहावयास शिकविले, तर चिन्हामागची संख्या मुलाला दिसेल. पुढे नवव्या इयत्तेत निर्देशक भूमिती येते, तेव्हा याचा कस लागतो. (३/२, १/२) हा बिंदू म्हणजे आरंभबिंदूपासून उजवीकडे दीड आणि तेथून वर अर्धा. ज्याला ३/२ ही एकच संख्या वाटत नाही, तो आलेखावर तीन आणि दोन शोधत बसतो.

परिभाषा क्लिष्ट असल्याची तक्रारही तपासून घ्यावयास हवी. ‘अंशाधिक’ या शब्दातच अंश छेदाहून अधिक असल्याचे सांगितलेले आहे. ‘समद्विभुज’, ‘लघुकोन’, ‘समांतरभुज’ हे शब्दही फोड करताच आपला अर्थ सांगतात. ती फोड करून दाखविण्यास शिक्षकाला पाच मिनिटे पुरतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात ‘न्यूमरेटर’ पाठ करणाऱ्या मुलाला ही सोय नाही. पुढील शिक्षणासाठी इंग्रजी संज्ञा लागतील, हे मान्य. त्या मराठी शब्दांशेजारी लिहून देता येतात, त्यासाठी मराठी शब्द हद्दपार करावे लागत नाहीत.

उदाहरणांचाही तुटवडा नाही. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. पैसेवारी म्हणजे काय, तर प्रमाण उत्पन्नाच्या मानाने यंदाचे पीक किती, याचा अपूर्णांकच. एकरी आठ क्विंटलांऐवजी तीनच क्विंटल आले, तर पैसेवारी किती, हे गणित शेतकऱ्याच्या मुलाला फळ्यावर घालून पाहावे.