संगणकातले गिऱ्हाईक

गिऱ्हाईक म्हणजे देव. पण आमच्या चामोर्शीत या देवाच्या नावे धान निघेपर्यंत उधारीही असते! ‘सीआरएम’ नावाची गिऱ्हाइकांची वही संगणकात कशी बसवावी, असे कोणी विचारले, तर मी मराठीचा मास्तर शुद्धलेखनाचाच सल्ला देतो. आधी नावे तपासा. एका नावाचे तिघे निघाले, की एकाचे देणे दुसऱ्याच्या माथी बसते नि गरिबाची पत जाते. म्हणून वडिलांचे नाव, गाव, मोबाईल लिहा, पण विचारून. २०२३ चा माहिती-संरक्षण कायदाही संमतीवर भर देतो. नेट गेले तरी नोंद घेणारी प्रणाली निवडा. महिनाभर जुनी वही जोडीला ठेवून रोज ताळा जमवा. यंत्र बाकी लक्षात ठेवील. ‘यंदा धान कसे?’ हे मात्र, शेटजी, तुम्हीच विचारा!