शेला, ओढणी आणि ४८ अक्षता

मागच्या वैशाखात एका नवरीच्या ओढणीतून मी ४८ अक्षता वेचल्या. मोजल्या, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मंगलाष्टकं संपलेली, अंतरपाट खाली आलेला, नवरदेव हार घेऊन उभा आणि नवरीची नथ ओढणीच्या जाळीत अडकलेली. माझी मदतनीस नथ सोडवत होती, मी कुंकवाने माखलेले तांदूळ. ओढणी मोतिया रंगाची होती. मग काय झालं असेल ते सांगायला नको.

डोंबिवलीत नवऱ्या सजवायचं काम मी २२ वर्षं करतेय. पहिली बारा-पंधरा वर्षं ओढणीचा प्रश्नच नव्हता. खांद्यावर शेला, कपाळावर मुंडावळ्या, झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये इटलीत लेक कोमोला दीपिका पदुकोणचं लग्न झालं. तिच्या लाल ओढणीच्या काठावर ‘सदा सौभाग्यवती भव’ भरलेलं सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच महिन्यात जोधपूरला प्रियांका चोप्राचा ७५ फुटी व्हेल. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पोरींच्या मोबाइलमध्ये आधी ओढणी असते, साडी नंतर ठरते.

ओढणीशी माझं भांडण नाही. चांगली बसली तर चेहरा खरंच उजळतो. भांडण आहे ते निवडायच्या पद्धतीशी. दुकानातला मुलगा ओढणी डोक्यावर टाकतो, समोर आरसा, वर पिवळे दिवे, आई म्हणते “लक्ष्मीच गं”, की बिल तयार. मागून कसं दिसतं ते कुणी बघतच नाही.

नऊवारीचं सगळं सौंदर्य पाठीमागे असतं. काष्टा चापूनचोपून बसवायला मला पाऊण तास लागतो, आणि त्यावर ही पायघोळ जाळी सोडली की नवरी मागून मच्छरदाणीतली दिसते. नऊवारीवर ओढणी कमरेच्या खाली जाऊ नये, हे माझं ठाम मत. पैठणी असेल तर आणखी जपायला हवं. येवल्यात कुणीतरी महिनोन् महिने मागावर बसून पदरावर मोर विणलेत. ते टिकल्यांच्या गर्दीखाली झाकायचे असतील तर साधी साडी घ्या, पैसे तरी वाचतील. शिवाय पैठणीची जर आणि ओढणीची जर शेजारी धरून बघा, तीही दिवसाच्या उजेडात. एक जुन्या सोन्यासारखी, दुसरी पिवळीजर्द, असं झालं की दोन्ही खोटी वाटतात.

चेहऱ्यापाशी तर आधीच गर्दी. मुंडावळ्या मोत्यांच्या, नथ मोत्यांची, खोप्यावर मोत्यांची वेणी. ओढणीच्या काठालाही मोतीच लावले तर बघणाऱ्याने बघावं कुठे? तिथे बारीक जरीची किनार पुरते. बुटक्या मुलीला चार बोटं रुंद काठ घेऊ देत नाही मी. कपाळ अर्धं होतं.

वजनाचं तर कुणी बोलतच नाही. एक ओढणी मी घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली होती. १ किलो ४०० ग्रॅम! हे सगळं खोप्यात खोचलेल्या आकड्यांवर लोंबतं. सप्तपदीपर्यंत पोरीचं डोकं ठणकायला लागतं, आणि फोटोत ती रडवेली दिसली की पाहुणे म्हणतात, माहेर सुटतंय ना. होमाजवळ मात्र मी कुणाचं ऐकत नाही. ही जाळी बहुतेक नायलॉनची किंवा पॉलिस्टरची असते. ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. लाजाहोमाच्या आधी ओढणी काढायची, फोटोग्राफर कितीही कुरकुरला तरी.

अक्षरांच्या ओढणीचाही एक किस्सा आहे. मशीनवर भरलेलं होतं, ‘सौभाग्यवति’. निवृत्त शिक्षिका असलेल्या आजीने हॉलमध्ये पाऊल टाकताच पाहिलं आणि लग्नभर तिची नजर त्या ऱ्हस्व ‘ति’वरून हलली नाही. त्यातून काठ चारही बाजूंनी फिरवलेला, त्यामुळे एका बाजूचा आशीर्वाद उलटा वाचावा लागत होता.

आता माझ्याकडे चाचणीला येणाऱ्या पोरीला मी ओढणी लावून पाटावर बसवते. वीस मिनिटं. मग उठून तीन वेळा वाकून नमस्कार करायला लावते, कारण लग्नात तिला तेच करायचं असतं. गेल्या आठवड्यातली मुलगी दुसऱ्याच नमस्काराला “आई गं” म्हणाली. खोप्यातला आकडा केसांसकट निघाला होता. तिच्या आईने काही न बोलता पिशवीतून स्वतःच्या लग्नातला शेला काढला. राणी रंगाचा, घडीवर जरा विरलेला. मी विरलेला भाग आत दुमडला आणि चेहऱ्याभोवती येणाऱ्या दीड हातावर जरीची बारीक किनार टाचून पाहिली. पोरीने पुन्हा तीन नमस्कार केले. शेला जागचा हलला नाही.

“ताई, डांबरगोळ्यांचा वास जाईल ना?” आईने विचारलं.

“जाईल. दोन दिवस वाऱ्यावर टाका,” म्हटलं, “पण सावलीत.”