तोंडी नकार कुठल्या वहीत लिहायचा?

माझी शाळा उर्दू माध्यमाची. मराठी मी जालन्याच्या कापडबाजारात, गिऱ्हाईकाशी भाव करता करता शिकलो. भाषेत चूकभूल असेल तर वाचक बांधवांनी माफ करावी. विषय मात्र आपल्या गल्ल्याचा आहे.

मागे समाजशास्त्राचा एक विद्यार्थी पाहणीचे कागद घेऊन दुकानावर आला. बँकेने कधी कर्ज नाकारले का, असा त्यात एक सवाल होता. मी म्हणालो, हो, 1999 साली. त्याने विचारले, काही पत्र आहे? पत्र कुठले! लग्नसराईच्या मालासाठी दोन लाखांची कॅश क्रेडिट मागायला गेलो होतो. दुकानाचा परवाना, विक्रीकराचे कागद, सारे बरोबर नेले होते. साहेबांनी चहा पाजला, पत्ता विचारला आणि मोहल्ल्याचे नाव ऐकताच म्हणाले, "तुमच्या भागात वसुली होत नाही, अर्ज देऊन उपयोग नाही." अर्ज दिलाच नाही, मग नाकारला तरी कसा म्हणायचा? पोराने तो रकाना कोरा ठेवला.

पुढे नोव्हेंबर 2006 मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा कळले की असा शेरा एकट्या माझ्या मोहल्ल्यावर नव्हता. काही बँका मुस्लिम वस्तीचे भाग 'निगेटिव्ह झोन' ठरवून कर्ज टाळतात, असे त्यात लिहिले आहे. अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जखात्यांत मुसलमानांची खाती सुमारे 12 टक्के, पण थकीत-चालू मिळून कर्जाच्या रकमेत वाटा 5 टक्क्यांहूनही कमी. म्हणजे खाते आहे, खात्यात रक्कम नाही. व्याजामुळे बँकेची पायरीच न चढणारेही आपल्यात पुष्कळ आहेत, हे मान्य केले पाहिजे. सारा फरक बँकेच्या माथी मारता येणार नाही. पण जो अर्ज घेऊन गेला आणि पत्त्यावरून परत आला, त्याचे काय?

त्याचे काय होते ते मी सांगतो. त्या हंगामात मी भिवंडीचा माल नव्वद दिवसांच्या उधारीवर उचलला. उधारीचा भाव चढा, रोखीची सूट गेली. बाजूच्या दुकानदाराकडे बँकेची लिमिट होती. तोच माल त्याने रोखीत घेतला आणि मीटरमागे दोन रुपये कमी लावून विकला. माझी जुनी गिऱ्हाईके त्याच्याकडे गेली. त्याची काही चूक नव्हती, भला माणूस आहे, आजही ईदला शीरखुर्मा प्यायला येतो. पण बाजारात बोलले गेले की याला धंदा जमत नाही. माझा एक कारागीर शेवटी पुण्याला निघून गेला. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात येणार?

नावाचेही पत्त्यासारखेच. तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. मुस्लिम नावाला अनुकूल उत्तर येण्याचे पारडे सवर्ण हिंदू नावाच्या मानाने एक तृतीयांशावर आले. दलित नावालाही मार बसला. तिकडे अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल केल्या होते. तिथे निदान नकाशे उरले. संशोधकांनी पुढे तेच पुरावा म्हणून मांडले. आपल्याकडे लाल पेन्सिल साहेबांच्या डोक्यात असते.

मारहाण-खुनाच्या गुन्ह्यांतही गोष्ट इथेच येऊन अडते. झुंडबळींची वेगळी आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2017 मध्ये गोळा करायला घेतली. माहिती विश्वसनीय नसल्याने ते काम बंद केले, असे सरकारने डिसेंबर 2021 मध्ये संसदेत सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक लोकांनी जात, समुदाय, श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळे कलम आहे. पण फिर्यादीत ते कारणच आले नाही तर कलम लागणार कसे?

कागद असला की थोडे तरी हलते. राज्यात 2008 साली डॉ. महमूदूर रहमान समिती नेमली गेली, 2013 मध्ये तिचा अहवाल आला आणि जुलै 2014 मध्ये 5 टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. वर्षअखेर तो संपला, ही आपली कमनशिबी.

आता कामाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये बँकांना बजावले की कर्जाच्या अर्जाची पोच द्यावी आणि दोन लाखांपर्यंतचा अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावे. 2007 मध्ये लेखी कारणाची ही अट सर्व रकमांच्या कर्जांना लावली. आपल्यातल्या किती जणांनी कधी पोच मागितली? मी स्वतः मागितली नव्हती, चहा पिऊन सलाम करून परतलो होतो.

गेल्या वर्षी माझा पुतण्या दोन ओव्हरलॉक मशिनींसाठी कर्ज मागायला गेला. त्यालाही 'नंतर या' म्हणाले. मी त्याला परत पाठवले. अर्ज टेबलावर ठेव आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस म्हणालो. पंधरा दिवसांनी पत्र आले : जामीनदार अपुरा. बरे झाले, निदान काय आणायचे ते कळले. दुसरा जामीनदार दिला आहे, मंजुरी अजून बाकी आहे. ते पत्र मी फाईलला लावून ठेवले आहे. तो विद्यार्थी पुन्हा आला तर दाखवायला.