अयादत करा, पण हिशेबही विचारा

आजाऱ्याची विचारपूस करायला जाणं हा आपल्याकडे हक्क मानला जातो, मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क. आमगावात कुणी दवाखान्यात भरती झालं की संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातले दहा लोक फळं घेऊन पलंगाशी हजर होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या दहांतला एकही जण विचारत नाही की, या दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती कुठे बसते, तिच्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि पैसा कशावर खर्च झाला.

अशी समिती असते हेच बहुतेकांना माहीत नाही. तिचा उगम आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातला. १९९० च्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची दुरवस्था दूर करताना ही कल्पना पुढे आली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. गावपातळीवर आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आली आणि तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी ठरला. कागद उत्तम आहे. पण समितीवर बसतात लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर आणि ओळखीपाळखीचे लोक. ज्याच्यासाठी कल्याण करायचं, तो रुग्ण तेवढा गैरहजर!

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "लोक अडाणी आहेत, त्यांना वैद्यकीय काय कळतं?" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं. पण औषध मिळालं की बाहेरून आणायला लावलं, रात्री नर्स होती की नव्हती, संडासात पाणी होतं का, बाळंतपणासाठी पैसे मागितले का, हे सांगायला कोणती पदवी लागते? माझ्या चाचींना एका दवाखान्यात ठेवलं होतं. सलाइन सोडून सगळं बाहेरून आणावं लागलं. भिंतीवर तक्रारपेटी होती, तिला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. किल्ली हरवली आहे हे कळायला चाचींना एमबीबीएस व्हावं लागलं नाही.

लोकांना कळतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' संस्था त्याचं राज्यपातळीवरचं समन्वयाचं काम पाहत होती. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक तयार केलं. चांगल्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांसमोर ते मांडलं. अनेक ठिकाणी बंद उपकेंद्रं उघडली, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, बेकायदा पैसे घेणं थांबलं. हे करणाऱ्यांत आदिवासी होते, शेतमजूर बाया होत्या. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, तेच.

आणि लोकांना बाहेर ठेवलं की काय होतं? ९ जानेवारी २०२१ ची रात्र आपण विसरलो का? भंडारा म्हणजे काही परका जिल्हा नव्हे, १९९९ पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो. तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळं आत होती. दहा गेली, सात वाचली. केंद्र सरकारने २०१७ मध्येच नवजात कक्षात आईवडिलांना सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात तसं करून पाहिलं गेलं होतं. हात कसे धुवायचे, बाळाला कसं घ्यायचं, धोक्याची खूण कशी ओळखायची, हे घरच्यांना शिकवायचं. आई जवळ असती तर आग लागलीच नसती असा दावा मी करत नाही. पण ज्या आईचं बाळ आत आहे, तिला 'रात्री इथे कोण बसतं?' एवढं विचारायची सोय असायला हवी की नको?

डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. २०१० मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला, तो योग्यच आहे. पण विचारायची जागा नसली की माणूस एक तर हात जोडतो, नाही तर हात उगारतो. दोन्हींमुळे दवाखाना सुधारत नाही.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण घरोघर सापडतात. दुखणं उठलं की काय होतं, हे त्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी त्याला केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि आमगावातून गोंदिया, गोंदियातून नागपूर असा कागद फिरत राहतो. गोंदियात २०१६ मध्ये मेडिकल कॉलेज आलं. इमारतीसोबत रुग्णाचं म्हणणं ऐकायची पद्धतही यायला हवी होती.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. समितीच्या सदस्यांची नावं, बैठकीची तारीख आणि खर्च दवाखान्याच्या दारावर लावा. समितीत नुकतीच बाळंत झालेली एक आई, सिकलसेलच्या घरातलं एक माणूस आणि एक आशाताई घ्या. वर्षातून दोनदा जनसुनवाई ठेवा, आणि तिथे झाडीबोली, पोवारी, हिंदी, ज्याला जी येते ती बोलू द्या. बुरख्यातल्या बाईला पडद्याआडून नव्हे, समोर खुर्ची देऊन ऐका.

आणि आपल्या लोकांना एक सांगणं. मशवरा ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. मशिदीच्या चटईपासून लग्नाच्या जेवणापर्यंत सगळं आपण सल्लामसलतीने ठरवतो. सरकारी दवाखाना मात्र 'त्यांचा' समजतो. तो आपल्या कराच्या पैशावर चालतो. पुढच्या वेळी अयादतीला जाल तेव्हा फळांची पिशवी पलंगाशी ठेवा आणि अधीक्षकांच्या खोलीत जाऊन समितीची यादी मागा. दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दारिद्र्यरेषेखाली नसाल तर दहा रुपये लागतात. फळांपेक्षा स्वस्त.