मातीतील रोजमेळ

ज्या समाजाने एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्याचा व्यवहार कसा कळावा? पिढ्यान्‌पिढ्या वही सांभाळणाऱ्या व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न निश्चितच पडेल. त्याचे उत्तर नागपूरच्या वेशीपाशीच आहे.

काटोल मार्गावरील जुनापाणी येथे मोठाल्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. ही अडीच हजार वर्षांहून जुनी दफनस्थाने होत. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांपैकी काही उकरून पाहिली. पुढे १९७० ते १९७२ या काळात, जैन मुनिसंस्थेच्या इतिहासाचे ग्रंथकार डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने जवळच्याच माहुरझरी येथे उत्खनन केले. लोखंडी हत्यारे, तांब्याचे अलंकार, घोड्यांचे अवशेष आणि रंगीत दगडांचे मणी तेथे मिळाले. जिल्ह्यातीलच नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. त्यावरून सारे लोखंड परक्या मुलखातून येत नव्हते, हे सिद्ध झाले.

वस्तूंपेक्षाही त्यांची अवस्था अधिक बोलकी असते. तयार मणी सांगतो की, तो कोणीतरी वापरला. परंतु अर्धवट घडवलेला किंवा भोक पाडताना फुटलेला मणी सांगतो की, तो इथेच घडत होता. माहुरझरीत असे अपुरे मणीही मिळाल्यामुळे ते कारागिरांचे गाव ठरले. ज्या मालाला गिऱ्हाईक मिळाले नाही, त्यानेच उद्योगाची साक्ष दिली.

काळाची नोंद मातीचे थर ठेवतात. सामान्यतः खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थरात कोळसा सापडला, तर त्यातील किरणोत्सारी कार्बन मोजता येतो. तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. या हिशेबाने काळ ठरतो.

म्हणूनच जागा आणि थर यांचे मोल वस्तूहून मोठे आहे. हौसेने उचलून काचेच्या कपाटात ठेवलेला मणी सुंदर दिसेल, पण तो तारीख व पावती नसलेल्या नोंदीसारखा होतो. त्यावरून कोणताही हिशेब जुळत नाही. आणि एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही.

शहर वाढते आहे. शेते सपाट होतात, मुरूम उपसला जातो, भूखंड पडतात. अशा जमिनीत ज्यांचे भांडवल गुंतलेले असते, त्यांच्याच हाती ही वही असते. १८७८ च्या कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दगडांचे वर्तुळ मात्र ऐवज म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. ते दिसताच यंत्र थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवावे. चार दिवसांच्या विलंबाचे नुकसान भरून निघते. फाडलेले पान परत मिळत नाही.