‘घ’ की ‘ध’?

मंडळी, गेल्या अंकात पुरणयंत्राची कहाणी सांगितली होती. यंदाही यंत्रच आहे, फक्त चूक माझी.

एजवेअरच्या आमच्या घरी शनिवारी सकाळी मराठीचा तास असतो. विद्यार्थी एकच, माझा सात वर्षांचा लेक. मी धडे टाइप करते, तो कॉम्प्युटरवर वाचतो. मार्चमध्ये नवऱ्याने कुणाकडून तरी जुना फोर-के मॉनिटर आणला आणि महिन्याभरात लेकाचं वाचन घसरलं. ‘धर’चं ‘घर’, ‘भाऊ आला’चं ‘माऊ आला’! सहा वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी. वहीत ५० वेळा ‘ध’ गिरवून घेतला. डोळेही तपासून आणले. ठणठणीत! शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, “आई, मला मराठी नकोच. ही अक्षरं पुसलेली असतात.”

तेव्हा कुठे मी पुस्तक हातात दिलं. घडाघडा वाचलं की पोराने.

झालं होतं असं: नव्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसायची, म्हणून मीच रिझोल्यूशन १६०० × ९०० करून ठेवलं होतं. पडद्याचे खरे ठिपके ३८४० × २१६०. म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला आडवे-उभे २.४ ठिपके. अर्धामुर्धा ठिपका पेटवता येत नाही, मग रंग शेजारी सांडतो आणि कडा फुगतात. इंग्रजी त्यातूनही निभावते. आपल्या ‘ध’ आणि ‘भ’चं मात्र सगळं शिरोरेषेतल्या त्या इवल्याशा फटीवर असतं. फट बुजली की ‘ध’चा ‘घ’ आणि भावाची मांजर.

उपाय दोन मिनिटांचा. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ लिहिलेलंच ठेवायचं आणि अक्षरं मोठी हवीत तर त्याच पानावरचं ‘स्केल’ वाढवायचं. मी १७५ टक्के केलं. चुकून पडदा काळा झाला तर घाबरून बटणं दाबू नका. १५ सेकंद काही केलं नाही तर आधीची सेटिंग आपोआप परत येते. (मी दाबली होती. असो.)

अक्षरं लख्ख झाली, पण माउसचा बाण अडखळत पळू लागला. ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट पाहिला तर ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. ६०चा पर्यायच नाही! दोष मधल्या जुन्या अॅडॅप्टरचा. एचडीएमआय १.४च्या जमान्यातली जोडणी फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच नेऊ शकते, ६०साठी २.० लागतं. नवा अॅडॅप्टर आणला, ६० निवडलं, संपलं.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्याच लंडनात सुरू झालं. १९२६च्या जानेवारीत सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर जॉन लोगी बेअर्डने टेलिव्हिजन दाखवला, तो अवघ्या ३० रेघांचा. त्यावर चेहरा ओळखू यायचा. ‘ध’ आला नसता.

लेकाची मी माफी मागितली. त्याने गंभीरपणे तीच वही पुढे सरकवली. “आता तू ५० वेळा लिही.”

२५वर तडजोड झाली.