पिल्लाचं वय आधी विचारा
गोठ्यातल्या गाई-म्हशींसाठी आणलेलं गोचीड-पिसवांचं औषध, म्हणजे अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिन, कुत्रीच्या महिन्याभराच्या पिल्लाला अंदाजाने चोळणं थांबायलाच हवं. एवढ्या पिल्लाचं यकृत कच्चं असतं, शिवाय ते अंग चाटतं. मग लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंबसुद्धा साधारण 8 आठवड्यांनंतरच, तेही वजन करून. तोवर उवांची बारीक फणी फिरवावी, फणीवरच्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात, गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, अंथरूण गरम पाण्यात धुवावं. दूध पाजणाऱ्या आईला कोणतं औषध चालेल, ते पशुवैद्यांनीच ठरवावं. आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर पिसवांनी रक्त शोषलेलं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.